मुस्काट आक्काच्या बाहीतल्या तीन गाठी

बाज्या उडाला तो थेट गटारीत. मधे कुठं थांबला म्हणून नाही. बघणारे सांगतात, उडता उडता त्याची एक चप्पल कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पडली आणि चार दिवसांनी शिक्का मारून बरोबर त्याच्याच घरी पोचली. आता चपलेचं सोडून द्या, पण गटार खरी. आणि त्याच्या गालावर उठलेली बोटं तर इचलकरंजीतल्या त्या अख्ख्या गल्लीनं जवळ जाऊन मोजली. पाच भरली.

बाज्याला नाद एकच. बिनआवाजाची विजेची गाडी घ्यायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पाठीमागं मांजरासारखं यायचं आणि कानाशी ट्रकचा भोंगा वाजवायचा. माणूस हातभर उडायचं, कुणाची दुधाची पिशवी फुटायची, कुणाची कवळी बाहेर यायची, आणि हा गाडीवर बसून खिदळायचा. मामा नगरसेवक. बोलायचं कुणी?

त्या सकाळी त्याच्या पुढं मालन म्हेत्रे होती. वय साठ, अंगानं शेवग्याची शेंग, डाव्या हातात कोथिंबीर. उजवा हात दीड वर्षापूर्वीच अर्धांगवायूनं गेलेला. त्यावर खांद्यापासून मनगटापर्यंत एक राखाडी बाही चढवलेली होती. भोंगा वाजला. मालन दचकली आणि तिचा तो गेलेला हात, गोफण फिरावी तसा फिरून, मागं बसला.

मालननं वळून पाहिलं. आधी हाताकडं, मग गटारीकडं.

"अगं बाई! लागलं का रं बाळा?"

बाज्या उठायला लागला. काहीतरी बोलायला म्हणून त्यानं बोट वर केलं. बोट वर गेलेलं मालनला दिसलं मात्र, आणि दुसरी बसली.

"मी न्हाई रं! मी न्हाई मारलं!" मालन ओरडत होती. पण तोवर गल्लीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती आणि तिचं कुणाला ऐकू गेलं नाही.

हे साल दोन हजार एकोणचाळीस. आता ती बाही काय चीज होती ते सांगायला पाहिजे, नाहीतर वाटेल, बाईच्या अंगात आलं होतं.

मालननं तीस वर्षं वहिफणीचं काम केलं. म्हणजे मागावर नवा बीम चढला की त्याचे हजारो धागे एकेक करून फणीतून ओवायचे, तुटला तिथं गाठ मारायची. एका सकाळी तिच्या हातातून चहाचा कप गळला आणि उचलायला हात गेलाच नाही. पुढचे आठ महिने तिचं सगळं नवऱ्यानं केलं. दशरथ म्हेत्रे, जुना जॉबर, म्हणजे मागाचा मिस्त्री. अख्ख्या शहरात बिघडलेला माग त्याच्या नुसत्या खोकण्यानं सुरळीत व्हायचा म्हणे. त्यानं तिला आंघोळ घातली, वेणी घातली, निऱ्या घातल्या, घास भरवले. गल्लीतल्या बाया आपापल्या नवऱ्यांना दाखवायच्या, "बघा जरा! देवमाणूस हाय." आणि मालन त्याच्या पुढ्यात फळीसारखी ताठ बसायची. डॉक्टर म्हणाले, दुखण्यानं अंग आखडलंय.

मग एका कंपनीनं तपासणीसाठी म्हणून वीस जणांना जितं कापड फुकट दिलं. खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं. गल्लीनं जितं कापड केलं.

त्यातली युक्ती अशी. नायलॉनचा साधा धागा घ्यायचा, मासे धरायच्या गळाला असतो तसला. त्याला पीळ द्यायचा, आणखी द्यायचा, इतका की तो स्वतःभोवतीच गुंडाळून त्याची स्प्रिंग होते. अशा धाग्याला ऊब लागली की तो फुगतो आणि आखूड होतो, गार झाला की परत लांबतो. आपल्या दंडातला स्नायू तरी दुसरं काय करतो? एक धागा ओढून ओढून कितीसं ओढणार, पण असे चार हजार शेजारी शेजारी विणले की पैलवानाच्या वरताण. ऊब द्यायला मधूनमधून चांदीचा मुलामा दिलेले धागे, त्यांच्यातून वीज खेळायची. आणि तिसरे काळे धागे, कार्बनचे. हे नुसते कातडीला चिकटून ऐकत बसायचे. कातडी किती ओलावली, आतल्या थकलेल्या नसांमध्ये काय कुजबुज चाललीय, सगळं ऐकायचं आणि कोपरावर बसवलेल्या शर्टाच्या बटणाएवढ्या यंत्राला सांगायचं.

ते बटण म्हणजे चहाची गाळणी समजा. माणूस दचकतं तेव्हा अंग आधी हलतं आणि मन मागनं विचारतं, काय झालं? तसं या बाहीनं प्रत्येक दचक्याला हात उडवला असता तर अनर्थ. म्हणून बटणानं दचका गाळून फेकून द्यायचा आणि 'हात हलवू दे' ही इच्छा तेवढी पुढं पाठवायची. एवढं सगळं पापणी लवायच्या आत.

कंपनीच्या गीतांजली मॅडमनी एकच नियम बजावला होता. "काकू, धागा तुटला तर हात लावायचा नाही. आम्हाला फोन करायचा. बाही हातातून काढली किंवा बंद केली की धागे सैल पडून सगळा गुंता होतो, मग आतलं काही सापडत नाही."

मालननं मान डोलावली होती. पण एक दिवस गॅसच्या टाकीच्या कडेला बाही अडकली आणि दंडावरचे धागे तुटून वर आले. आता तुटलेलं टोक डोळ्यापुढं लोंबतंय आणि वहिफणीवाली बाई फोन लावत बसलीय, असं कधी झालंय? तिनं विचारसुद्धा केला नाही. बाही हातात, आणि डाव्या हाताची बोटं नि दात लावून तिनं शेजारचं टोक शेजारच्या टोकाला सांधून टाकलं. तीन गाठी, मोहरीएवढ्या. वर हात फिरवला आणि भाजी फोडणीला टाकली.

तीनही ठिकाणी काळा धागा चांदीच्या धाग्याला बांधला गेला होता. काळ्या धाग्याचा गुण असा की कातडीला घाम फुटला की त्यातून वीज जास्त धावते. त्याला थेट चांदीच्या धाग्याशी सांधलं म्हणजे नळाला तोटीच बसवली, आणि ती तोटी सोडणार कोण, तर मालनची भीती. तिला भीती वाटली की कातडी ओलावणार, तोटी सुटणार आणि चार हजार धागे एका दमात आवळणार. बटणाला कुणी विचारणारसुद्धा नाही.

मालनला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक की हात तिचं ऐकत नाही.

समोरच निसार मुल्लाणीचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवसाचे, अभिनंदनाचे, भावपूर्ण श्रद्धांजलीचे फ्लेक्स छापून माणूस कंटाळलेला. बाज्या गटारीत पडला त्याच्या तिसऱ्या दिवशी निसारनं बारा चौकोनांचं चित्रपान काढलं, गल्लीतल्या सगळ्यांच्या फोनवर पाठवलं आणि एक मोठं छापून शटरवर चिकटवलं. नाव, मुस्काट आक्का! डोळ्यावर काळी पट्टी, उजव्या बाहीतून ठिणग्या, अंगावर हिरवीगार नऊवारी.

मालन दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. "निसार, मी नऊवारी कधी नेसले रं?"

"काकू, उडताना सहावारी सुटंल."

"मी उडते पण?"

"पुढच्या गुरुवारी."

गुरुवारच्या गुरुवारी पान यायला लागलं. गल्लीला असला नाद लागला की विचारू नका. भाजीवाला मालनला पाहून आपणहून कढीपत्ता टाकायचा. रिक्षावाले मीटर आधी दाखवायचे. एका सासूनं म्हणे सुनेला चहा करून दिला, कारण मालन खिडकीखालून चालली होती. आणि कुठलंही काम अडलं की बाया तिला घेऊन जायच्या, पोलिसाला न्यावं तशा.

"काकू, तुम्ही नुसत्या हुभ्या ऱ्हावा. बोलू पण नका."

अशीच एकदा त्यांनी तिला वॉर्ड ऑफिसात नेली. पाणी दोन आठवडे नव्हतं. साहेब टेबलामागं बसलेला, बाया भांडतायत, मालन कोपऱ्यात जीव मुठीत धरून उभी. तेवढ्यात कलगोंडा शिपायाच्या हातातून फायलींचा गठ्ठा सुटला आणि तिच्या मागं धाडकन आपटला.

कलगोंडा फायलींवरच आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी मालन लाडवांचा डबा घेऊन त्याच्या दारात गेली. "दादा, चुकलं बघा. माझा हात—"

कलगोंडानं तिला पाहून दोन्ही हात वर करून डोकं झाकलं. तो एवढा घाबरला म्हणून ती घाबरली. लाडू तीन घरांपलीकडं सापडले.

गुरुवारी निसारच्या पानावर शिपाई नव्हताच. ढेरपोट्या साहेब खुर्चीसकट छतातून बाहेर चालला होता.

"निसार, साहेबाला मी हात न्हाई लावला. तो गरीब शिपाई हाय रं."

"काकू, गोष्टीत शिपायाला मारून कसं चालंल? लोकांना साहेब लागतोय."

"मग मला तरी खरी काढ."

"खरी म्हणजे कशी?"

मालन पायरी उतरून चालू लागली. खरी म्हणजे भित्री. शटरवरची आक्का कुणाला भीत नव्हती. आणि मालननं मनात एकेक मार आठवून पाहिला होता. भोंगा, वर आलेलं बोट, फायलींचा गठ्ठा, कलगोंडाचे हात. दरवेळी आधी तीच दचकली होती. गल्ली जिला वाघीण म्हणत होती ती अख्ख्या गल्लीत सगळ्यात जास्त घाबरणारी बाई होती, आणि बाही तेच चारचौघांत वाजवून सांगत होती. पण हे कुणाला सांगायचं? सांगितलं की कंपनी बाही काढून नेणार. बाही गेली की परत आंघोळ, वेणी, निऱ्या, घास, सगळं दशरथच्या हातात. त्या विचारानं तिला इतकं कसंतरी व्हायचं की ती तो अर्ध्यावर सोडून भांडी घासायला लागायची.

निसारचं पान फिरत फिरत गीतांजली मॅडमच्या फोनवर पोचलंच.

"काकू, आपली बाही मारत नसते हं. सोमवारी मी तपासायला येते. काही बिघाड असला तर ती काढून न्यावी लागेल. दुसरी यायला वर्ष तरी लागेल."

"बिघाड न्हाई मॅडम. पोरं काय पण चित्रं काढत्यात."

हा फोन शुक्रवारी सकाळी आला. दुपारी मालन ओट्यापाशी मिरच्या चिरत होती. दशरथ मागनं आला. तिच्या डोक्यावरच्या फळीवर पोह्यांचा डबा होता. त्यानं हात वर केला.

कसा आवाज झाला ते कुणी वाढवून सांगितलेलं नाही, कारण ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. दशरथ भिंतीला टेकून खाली बसला होता. चष्मा गॅसखाली गेला होता. पोहे दोघांच्या अंगावर सांडत राहिले, मग थांबले.

"अहो," मालन म्हणाली. "अहो, मी न्हाई."

"ठाऊक हाय गं." तो गाल चाचपत होता. "बाहीत काहीतरी हाय. बस. बघू."

माग बिघडला की खरा जॉबर कधी अंदाज सांगत नाही. एकेक गोष्ट वेगळी काढून तपासतो. दशरथनं तिला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या मागं ताट आपटलं. बाही कोपरापर्यंत थरथरली आणि थांबली. ताट आता घरातलंच, तिला ठाऊक होतं. त्यानं दाराआडचा झाडू काढून अचानक तिच्या डोक्यावर धरला. हात वीतभर उचलला गेला, खाली आला. मग त्यानं गालावर टॉवेल धरून निसारला हाक मारली, कोळिष्टक काढायचंय म्हणून. निसारनं तिच्या डोक्यावरनं हात नेला, कोळिष्टक काढलं आणि गेला. हात अर्ध्यात अडकून उतरला.

"आता मी," दशरथ म्हणाला. त्यानं चष्मा काढून कपाटावर ठेवला आणि स्वतःचा उजवा हात उचलला.

बाही पुरी फिरली.

एका खेपेवर जॉबर विश्वास ठेवत नाही. त्यानं परत उचलला. परत बसली.

"पुरे हो! पाया पडते, पुरे!"

तिसऱ्यांदा तो उठला तेव्हा त्याच्या ओठातनं रक्त येत होतं. त्यानं हात उचलला नाही. तो तिच्यापासून लांब, दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसला आणि पाठमोराच म्हणाला,

"माझा हात ओळखतीय ती."

मालननं सांडलेले पोहे गोळा करायला घेतले.

लग्नानंतरची पहिली सात वर्षं दशरथ प्यायचा. मागाच्या शेडमधनं सुटला की कोपऱ्यावर थांबायचा, घरी आला की भाजीत मीठ कमी असायचं, किंवा जास्त असायचं, किंवा बरोबर असायचं. मग वडील दारूनं गेले आणि त्यांचं तेरावं झालं त्या दिवशी त्यानं बाटली सोडली. बाटलीबरोबर हातही खाली आला. परत कधी उचलला नाही. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत. तो कामाला लागला, चांगला झाला, मग म्हातारा झाला, आणि चांगला म्हाताराच सगळ्या गल्लीला माहीत होता. मालनलासुद्धा तोच माहीत होता. निदान तिला तसं वाटत होतं.

"तीस वर्षं झाली असतील गं," दशरथ म्हणाला.

"तेहतीस."

आकडा तिच्या तोंडातनं इतक्या चटकन आला की दोघंही चपापले.

"माझ्या मनात काही न्हाई हो. देवाशपथ सांगते. मी कवाच विसरले."

"तू विसरलीस. मला कळतंय की."

ती रडायला लागली. डोळे पुसायला उजवा हात वर आला, अगदी गुणी मुलीसारखा, पदर बोटात धरून.

शनिवारी दशरथ दूध आणायला गेला तेव्हा गल्ली जमली. गालावरचे वळ लपण्यासारखे नव्हते.

"जॉबरसाहेब, हे काय हो?" निसार पेन कानामागं खोचून पुढं आला. "कुणी केलं? नाव सांगा. आक्का बघून घेतील त्याला."

दशरथनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मागनं मालन बोलली.

"दार लागलं."

हे ती इतक्या सवयीनं म्हणाली की तिला स्वतःलाच ते जुनं वाक्य ऐकू आलं. आवाज तोच, पदर सारखा करणंही तेच. पुरुषमाणसं 'अरेरे, जपून' वगैरे म्हणाली. नळावर रांगेत उभ्या असलेल्या सात-आठ जणींनी एकदा दशरथच्या गालाकडं पाहिलं, एकदा मालनच्या बाहीकडं पाहिलं, आणि कळशा उचलल्या. ऐंशी वर्षांची हौसाबाई तेवढी जाता जाता म्हणाली,

"लागायचंच गं. दारं कुणाच्या घरात न्हाईत?"

त्या दिवसापासनं मालनला कुणी कामाला घेऊन गेलं नाही. घाबरून नव्हे. बाया तिच्याशी फार जपून बोलायला लागल्या, तापातल्या माणसाशी बोलावं तसं, आणि मालनला टाळ्या बऱ्या होत्या असं वाटलं.

रविवारी सकाळी दशरथनं भिंग काढलं, बाहेरच्या उजेडात खुर्च्या टाकल्या आणि दोन हात लांब राहून तिची बाही बघत बसला. अर्ध्या तासानं म्हणाला, "दंडावर तीन गाठी हायत. तुझ्या हायत."

"कशावरनं?"

"तू शेवटचा वेढा उलटा घेतीस. हजार गाठीत ओळखीन मी."

त्यानं धाग्यांचा माग काढला आणि तोटी कशी बसली ते तिला समजावलं. तिनं ऐकून घेतलं. उद्या मॅडम येणार. त्याआधी गाठी सोडवून काळा धागा काळ्याला, चांदीचा चांदीला जोडायला हवा होता. बाही काढून जमणार नव्हतं, बंद करूनही नाही. चालू मागावर काम करायचं होतं. आणि हे काम करणारा माणूस सगळ्या शहरात एकच, त्याचाच हात बाहीला चालत नव्हता.

"नको हो. लागंल तुम्हाला. नेऊ दे त्यांना बाही."

"मग तुझी वेणी कोण घालंल?"

मालननं खाली पाहिलं. दशरथला ते उत्तर पुरलं.

तो आकडीची सुई घेऊन जवळ आला. हात तिच्या खांद्याशी पोचायच्या आत बाही फिरली आणि सुई कौलात गेली. त्यानं दुसरी आणली.

"डोळे मीट."

डोळे मिटल्यावर तर ती जास्तच घाबरली. भिंगाला तडा गेला.

मग त्यानं खुर्ची मागं सरकवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. शेवटी म्हणाला, "मालन, ऐक. आता मी उजवा हात उचलतोय. हातात सुई हाय. हळूच येतोय. तुझ्या गुडघ्याच्या वरनं. आता कोपरापाशी आलो. थांबलो. येऊ पुढं?"

बाही शहारली. आवळली नाही.

"या."

"आता दंडाला टेकतोय. गार लागंल सुई."

असं अंगुळ अंगुळ सांगत तो पहिल्या गाठीपाशी गेला. जे आधी कळलंय त्याला अंग तितकं दचकत नाही. बटणाला जे गाळावं लागायचं ते दशरथ तोंडानं गाळत होता. नुसता श्वास घ्यायचा तरी सांगून घ्यायचा. एक गाठ सुटायला तास गेला. मधे तिनं त्याला पाणी दिलं, त्याच उजव्या हातानं. दुसरी गाठ सुटली. तिसरीच्या वेळी एक माशी त्याच्या कपाळावर बसली आणि ती हाकलायला त्यानं न सांगता हात वर नेला. एकाच गाठीचा जोर, पण त्याची दाढ हलली. तो परत पहिल्यापासून सांगत आला.

दुपार झाली तेव्हा धागे ज्याचे त्याला लागले होते. दशरथनं वरनं बोट फिरवलं. एवढं सफाईचं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं आणि कंपनीच्या बापालाही कळलं नसतं.

"बघू आता," तो म्हणाला. जॉबर तपासल्याशिवाय उठत नाही. काही न सांगता त्यानं हात उचलला.

बाही जागची हलली नाही. मांडीवर पडून राहिली.

पण मालनची मान खांद्यात गेली. डोळे घट्ट मिटले, हनुवटी एका बाजूला वळली, आणि डावा खांदा गालाच्या पुढं आला. एवढंसं. मोजायला गेलं तर चार बोटं. मग तिनं डोळे उघडले आणि हसली. "झाली की हो बरी! बघा, अजिबात हलली न्हाई!"

तिला स्वतःला काही कळलं नव्हतं.

दशरथचा हात तसाच वर होता. ही मान तिनं आज पहिल्यांदा वळवली असेल का? वेणी घालताना, घास भरवताना, डब्याला हात घालताना, इतकी वर्षं? त्यानं आठवून पाहिलं. त्याला आठवेना, कारण त्यानं कधी बघितलंच नव्हतं. त्या पहिल्या सात वर्षांत तर नाहीच.

त्यानं हात खाली घेतला. फार सावकाश.

सोमवारी गीतांजली मॅडम आल्या, तारा लावल्या, भोंगे वाजवले, आकडे बघितले. "एकदम छान चाललीय काकू! तुमची बाही वीस जणांत पहिली." दशरथच्या गालाकडं बघून त्यांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "दार." मॅडम मोठ्या शहरातल्या. त्यांनी फक्त 'जपा' म्हटलं.

मुस्काट आक्काचं निसारच्या शटरवर बरं चाललंय. मालन कुणाला मारत नाही म्हणून तिचं काही अडलं नाही. मागच्या गुरुवारी तिनं एका हातानं धरणाचं पाणी अडवलं. बाज्यानं गाडी विकली आणि आता तो चालत येतो, लांबूनच खोकत.

आणि म्हेत्र्यांच्या घरात सगळं सुरळीत आहे. मालन आपली आपण वेणी घालते, निऱ्या काढते, पोळ्या लाटते. बाहीनं परत कुणाला इजा केली नाही. दशरथ मात्र घरात काहीही करायचं झालं की आधी सांगतो. पंखा लावायचा असेल, फळीवरचं काही काढायचं असेल, नुसता टॉवेल झटकायचा असेल, तरी लांबूनच म्हणतो, "हात वर करतोय."

दोन वर्षं झाली. ऐकणारे हसतात. मालनलाही एकेकदा राग येतो. बाही दुरुस्त झाली, गाठी गेल्या, आता कशाला रोजचं हे? एकदा तिनं ठरवलंच की आज सांगून टाकायचं, आता सांगू नका म्हणून. संध्याकाळची वेळ होती. ती खाली बसून तांदूळ निवडत होती. दशरथ आत आला, तिच्या डोक्यावर कॅलेंडर होतं, महिना उलटायचा होता. तो तीन पावलांवर थांबला.

"मालन. हात वर करतोय."

तिनं तोंड उघडलं. 'सांगायची गरज न्हाई' हे शब्द जिभेवर तयार होते. ती वाट बघत राहिली. शब्द आले नाहीत. दशरथ हात मागं बांधून उभा होता, त्याला काही घाई नव्हती.

"करा," ती म्हणाली.

त्यानं महिना उलटला.